बसलेला ससाणा

शुक्रवार

पहाटे साडेपाचला भाच्याने मोटारसायकल दारात लावली. जळगावची जानेवारीतली थंडी. मफलर गुंडाळूनही कानाच्या पाळ्या बधिर झाल्या होत्या. तिपाई हँडलला आडवी बांधली आणि मोठी दुर्बीण मी मांडीत धरली. शेजारच्या काकू सडा टाकत होत्या. तिपाई बघून म्हणाल्या, "मोजणीला निघालात का भाऊ? आमच्या वावराकडे नका येऊ बरं." हाच प्रश्न पुढे प्रत्येक गावात ऐकायला मिळाला. चौपदरी रस्त्यात इथल्या इतक्या लोकांच्या जमिनी गेल्यात, की तीन पायांचं काहीही दिसलं की पोटात गोळा येतो.

आम्ही निघालो होतो ससाणे बघायला. हिवाळ्यात खानदेशात नीट डोळे उघडे ठेवले तर चार तरी जातींचे ससाणे भेटू शकतात. उघड्या शेतमाळावरचा लग्गड, कड्याकपारीतला शाहीन, आमराईच्या आसपास जोडीनं फिरणारी तुरुमती आणि थंडीपुरती उतरणारी खरुची. चारही बघायच्या असं भाच्यानं वहीच्या पहिल्या पानावर लिहून टाकलं होतं, पुढे चौकोन काढून. मला त्या चौकोनांची जरा भीतीच वाटली. पण मामा म्हटल्यावर पहिल्याच दिवशी बोलून चालत नाही.

एरंडोल मागे टाकलं, उजाडलं. पारोळा आणि अमळनेर या दोन तालुक्यांच्या मधे, बोरी नदीच्या खोऱ्यात, एका ठिकाणी आम्ही हायवे सोडून गाडरस्त्याला लागलो. याहून नेमका पत्ता देणार नाही. विणीच्या दिवसात घरट्याचा पत्ता फुटला की शनिवार-रविवारी कॅमेऱ्यांची जत्रा भरते, कुणीतरी ड्रोन उडवतो, मादी उठते आणि थंड पडलेल्या अंड्यांवर कावळे टपून असतातच. हे मी एकदा बघितलंय आणि त्या जत्रेत मीही होतो.

वावरात गहू पोटरीला आलेला, पलीकडे दादर ज्वारीची कणसं भरत होती. कपाशी संपली होती, बांधावर पऱ्हाट्यांचे ढीग. या सगळ्यातून हायटेन्शनची लाईन जाते. चौथ्या टॉवरच्या आडव्या हातावर काळपट ठिपका होता. दुर्बीण लावली. ठिपक्याला मान फुटली.

लग्गड. डोक्यावर विटकरी टोपी, डोळ्याखाली पेन्सिलीनं ओढल्यासारखी बारीक मिशी, पांढरी छाती आणि खाली गडद तपकिरी चड्डी घातल्यासारख्या मांड्या. आकारानं कावळ्याएवढा. आमच्याकडे त्यानं एकदाच बघितलं. त्यानंतर आम्ही त्याच्या लेखी नव्हतो.

"मामा, उडेल केव्हा?" भाच्यानं दहा मिनिटांत विचारलं.

त्यानं रात्री फोनवर बहिरी ससाण्याचे व्हिडिओ बघितले होते. ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जाणारी झेप, जगातला सगळ्यात वेगवान प्राणी वगैरे. ते खरंच आहे. पण हा लग्गड, शांत गृहस्थ. पाऊण तास झाला, तो बसला होता. सव्वा तास झाला, त्यानं एक पाय पोटाच्या पिसांत ओढून घेतला.

तेवढ्यात वावराचे मालक आले, डोक्याला पांढरं उपरणं, हातात फावडं. "मोजणी कराले उनात का भो?" नाही म्हटलं, पाखरू बघतोय. त्यांनी डोळ्यावर हात धरून वर बघितलं. "तो? तो रोज तठेच बठस." मग थोडं थांबून तक्रारीच्या सुरात, "मना दोन पारवा लई ग्या तो." आणि लगेच स्वतःच वकिली केली, "पन उंदरं बी खास ना."

आम्ही त्यांना आबा म्हणू लागलो. दुर्बिणीतून त्यांना दाखवलं. ते बराच वेळ डोळा लावून उभे राहिले आणि म्हणाले, "याची मिशी तर आमच्या तात्यासारखी आहे."

दुपारी तो उडून गेल्यावर टॉवरच्या बुंध्याशी जाऊन आलो. टॉवरखालची जागा म्हणजे या घराचं खरकटं. सापडलं ते भाच्यानं रुमालावर मांडलं. पोपटाची हिरवी पिसं, त्यात शेपटीचं एक लांब निळसर. होल्याच्या पंखाची फिकट पिसं. सरड्याची वाळलेली शेपटी. आणि अंगठ्याच्या पेराएवढ्या तीन करड्या गोळ्या. न पचलेले केस, पिसं, किड्यांची कवचं ससाणा अशी गोळी करून ओकतो. एक गोळी काडीनं उकलली तर उंदराचे मऊ केस निघाले आणि त्यात टोळाचा काटेरी पाय. घुबडाच्या गोळीत उंदराची अख्खी कवटी मिळते, ससाण्याच्या गोळीत हाडं फारशी सापडत नाहीत, त्याचं जठर ती बरीचशी विरघळवतं.

"पोपट खातो म्हणजे चांगलाच आहे," आबा म्हणाले. दादरच्या कणसांवर पोपटांची धाड पडते, त्यामुळे त्यांचा हिशेब सरळ होता. मी भाच्याला सांगितलं की पोपट आणि ससाणा हे लांबचे भाऊबंद आहेत. पूर्वी ससाण्याला गरुड-घारीच्या कुळातला धरायचे. २००८ मध्ये पक्ष्यांच्या जनुकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि ससाणे पोपटांच्या नि चिमण्यांच्या वळचणीला येऊन बसले. वाकडी चोच, टोकदार नखं हे सारखेपण धंद्यामुळे आलेलं. आबांना हे सांगितल्यावर ते हसले. "भाऊबंदच एकमेकाले खातंस, त्यात नवल काय?"

रात्री त्यांच्याच ओसरीवर मुक्काम. आबांच्या मंडळींनी, म्हणजे माईंनी, पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली, कांद्याची पात टाकून भरीत केलं, सोबत कळण्याची भाकरी. भरितासाठी गॅसवर भाजलेलं वांगं आणि पऱ्हाट्यांवर भाजलेलं वांगं यातला फरक मी कुणालाही समजावायला तयार आहे, पण इथे विषय ससाण्याचा आहे.

शनिवार

आज काहीच करायचं नाही, फक्त टॉवर बघायचा, असं ठरवलं. बांधावरच्या बाभळीखाली गोणपाट टाकलं. वही उघडली ती सकाळी ६:५० ला आणि मिटली संध्याकाळी ५:४० ला.

काल न कळलेली गोष्ट सकाळीच कळली. टॉवरच्या वरच्या कोपऱ्यात काड्यांचं घरटं होतं आणि त्यात मादी होती. काल दिसलेला तो नर. ससाणे स्वतः घरटं बांधत नाहीत. कड्यावरची कपार किंवा कावळ्या-घारीचं जुनं घरटं बळकवायचं, अंडी घालायची. लग्गडाची वीण साधारण जानेवारी ते मार्च. पूर्वी हे उंच पिंपळावर, वडावर चालायचं. आबांच्या म्हणण्यानुसार याच शिवारात एक मोठा पिंपळ होता, विहिरीजवळ. तो गेला, लाईन आली, टॉवरवर कावळ्यानं घरटं केलं आणि कावळ्याच्या घरट्यात हे आले. दुर्बिणीतून घरट्याची बांधणी नीट दिसत होती. बाभळीच्या काटक्या, बांधायची तार, निळ्या गोणीच्या चिंध्या आणि ठिबकच्या काळ्या नळीचे दोन तुकडे. कावळा जळगाव जिल्ह्याचा आहे हे नळीवरून कुणीही सांगेल.

मादी नरापेक्षा ठळक मोठी. शिकारी पक्ष्यांत हे नेहमीचंच, पण समोर दोघं असले की जाणवतं. ससाणे पाळून शिकार करणाऱ्या जुन्या बाजदारांच्या बोलीत लग्गड हे नाव मुळात मादीचं, नराला झग्गर म्हणायचे. शास्त्रीय नावात तो झग्गर 'जुगर' होऊन बसलाय.

सकाळचा पहिला दीड तास: नर बसलेला, मादी घरट्यात, फक्त शेपटीचं टोक बाहेर. ८:२५ ला नर सुटला. सुटला हाच शब्द, कारण उडण्याची काही तयारी दिसली नाही. टॉवरवरून खाली घसरल्यासारखा आला आणि गव्हाच्या शेंड्यांवरून हातभर उंचीनं सरळ निघाला, फेकलेल्या काठीसारखा. पुढे हरभऱ्याच्या वावरात होल्यांचा थवा टिपत होता. थवा उठला तेव्हा तो त्यांच्यात होता. पिसं उडाली नाहीत, आवाज नाही. थवा पाच ठिकाणी फुटला आणि ससाणा रिकाम्या पायांनी वर निघून गेला. सगळं मिळून भाच्याच्या भाषेत "रील एवढं".

पुढचे दोन तास पुन्हा बसणं.

अकराच्या सुमाराला कावळ्यांची जोडी आली. हे घरट्याचे मूळ मालक असावेत, त्यांचं नवीन बांधकाम शेजारच्या टॉवरवर चाललं होतं. एक कावळा समोरून काव काव करायचा, दुसरा मागून येऊन नराची शेपटी ओढू बघायचा. नर मान वळवून बघायचा, बास. चौथ्या खेपेला मात्र घरट्यातून मादी उठली. तिनं पंखही पुरते उघडले नाहीत, नुसती काठावर येऊन उभी राहिली आणि कर्कश ओरडली. कावळे गेले. संसारात कुणाचं चालतं हे आबांनी आमच्याकडे बघत सांगितलं, माई जवळच भाकरीचं गाठोडं सोडत होत्या.

एक वाजून दहा मिनिटांनी नर काहीतरी घेऊन आला. सरळ घरट्यावर गेला नाही. तीन टॉवर सोडून बसला आणि चोचीनं साफसफाई केली. ससाण्याच्या वरच्या चोचीला कडेला एक दातासारखा कंगोरा असतो. भक्ष्याच्या मानेचा मणका तो त्यानं तोडतो. शिक्रा, गरुड हे पायांनी आवळून मारतात, ससाणा पकडतो पायांनी आणि मारतो चोचीनं. पाच मिनिटांनी त्यानं एक बारीक हाक दिली. मादी घरट्यावरून उठली, त्याच्याकडे गेली, पायातलं पायात घेतलं आणि लांबच्या खांबावर जाऊन खाऊ लागली. तेवढा वेळ नर घरट्यावर. अकरा मिनिटं. बसतानाही त्याला जमत नव्हतं, दोनदा फिरून बसला, घरी पाहुण्यांसमोर तान्हं मूल हातात दिलेल्या बापासारखा.

संध्याकाळी हिशेब केला. जवळजवळ अकरा तासांत आमच्या नजरेसमोर तो उडाला एकूण २३ मिनिटं. भाचा वही बघत राहिला. मी म्हटलं, बसलेला ससाणा म्हणजे शिल्लक टाकणारा माणूस. एक चुकलेला हल्ला म्हणजे खर्चच, आणि बरेच हल्ले चुकतातच.

रात्री ओसरीवर फवारणीचा विषय निघाला. कपाशीचा पट्टा आहे, तो निघणारच. बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली तेव्हा फवारे कमी होतील असं सगळ्यांना वाटलं होतं. पुढे रस शोषणाऱ्या किडी आल्या, गुलाबी बोंडअळी आली, फवारे परत आले. मी आबांना ससाण्यांच्या अंड्यांची गोष्ट सांगितली. विलायतेत बहिरी ससाणे भराभर कमी व्हायला लागले, घरट्यांत अंडी फुटलेली सापडायची. डेरेक रॅटक्लिफ नावाच्या माणसानं जुन्या संग्रहांतल्या आणि नव्या अंड्यांची कवचं तपासली. १९४७ च्या आसपासपासून कवच पातळ होत गेलेलं. कारण डीडीटी. हे १९६७ मध्ये छापून आलं. पिकावरचं विष किड्यात, किड्यातून पाखरात, पाखरातून ससाण्यात साठत जातं आणि आई अंड्यावर बसली की तिच्याच वजनानं ते फुटतं. आपल्याकडे शेतीतला डीडीटी १९८९ मध्ये बंद झाला. पण मोनोक्रोटोफॉस ही बाटली कपाशीवाल्या कुठल्याही माणसाला माहीत असते, आणि त्याच औषधानं १९९५-९६ च्या हंगामात अर्जेंटिनात टोळ खायला जमलेले हजारो शिकारी पक्षी शेतातच मेले.

आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर याच तारांवर संध्याकाळी शंभरेक लहान पाखरं बसली होती, चोच याच्यासारखीच, पाय लाल. दुसऱ्या दिवशी एकही नाही. मला चटकन अमूर ससाणे आठवले. पूर्व आशियात, सैबेरियाच्या टोकाला नि उत्तर चीनमध्ये वीण करतात, नागालँड-मणिपूरमध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबरात लाखोंनी उतरतात, उधईची, म्हणजे वाळवीची, पाखरं खाऊन अंगावर चरबी चढवतात आणि भारत ओलांडून थेट समुद्रावरून आफ्रिकेला जातात. वजन दीडशे ग्रॅम. २०१२ मध्ये नागालँडात दोयांग धरणाजवळ जाळी लावून त्यांची भयंकर कत्तल झाली होती. पुढच्याच वर्षी गावकऱ्यांनी ती थांबवली. त्याच २०१३ मध्ये तीन पक्ष्यांच्या पाठीवर पाच ग्रॅमचे यंत्र लावून सोडलं, नावं ठेवली नागा, पांगती आणि वोखा. समुद्र ओलांडताना ते कदाचित चतुरांच्या थव्यांवर जगतात, कारण चतुरही त्याच दिवसांत त्याच वाऱ्यावर आफ्रिकेकडे निघालेले असतात.

"आफ्रिका म्हणजे कोठे उनं ते?" माईंनी विचारलं. भाच्यानं फोनवर नकाशा दाखवला. माईंनी दोन बोटांत अंतर धरलं, पारोळ्यापासून सोमालियापर्यंत, आणि मान हलवली.

रविवार

धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्यानं दक्षिणेला निघालं की दहाएक किलोमीटरवर लळिंगचा किल्ला रस्त्यावर वाकून बघत असतो. फारुकी सुलतानांच्या काळातलं हे ठाणं. खाली ट्रकांची अखंड रांग, वर पडकी तटबंदी, टाकी आणि वारा. कुरणातलं गवत पिवळं पडलेलं. चढायला तासभर लागला, त्यात माझ्या गुडघ्याचा वाटा मोठा.

शाहीन शोधायचा तर कड्यावर पांढरे ओघळ शोधायचे. वर्षानुवर्षं एकाच कपारीवर बसून विष्ठेनं खडक रंगलेला असतो. असे दोन ओघळ पश्चिमेच्या बाजूला दिसले. तिपाई उभी केली आणि दुर्बीण बसवायला गेलो तर खालचा स्क्रू नाही. वाटेत कुठेतरी खडखडून पडला. भाच्यानं चप्पल उशाला ठेवावी तशी दगडावर ठेवून वर दुर्बीण टेकवली. पुढचे तीन तास मी जमिनीवर पालथा.

सव्वादहाला मी उठलो, थर्मासमधला चहा ओतायला. कपात चहा पडत असताना डोक्यावरून कापड फाटल्यासारखा आवाज गेला. वर बघेपर्यंत खाली दरीत पारव्यांची पिसं तरंगत होती आणि भाचा दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभा होता. "मामा! बघितलं?" नाही, चहा बघितला. मघाचा स्क्रू, आत्ताचा चहा. तो दिवसभर मला सांगत राहिला: वरून आला, पंख मिटलेले, थेंबासारखा. मी दिवसभर ऐकत राहिलो.

झेपेनंतर मादी मला दिसली, एवढं नशीब. काळंकुळीत डोकं, पोट विटेच्या रंगाचं, कपारीच्या तोंडाशी पारवा धरून बसलेली. बहिरी ससाण्याचीच ही आपल्याकडची कायमची उपजात. शाहीन हे फारसी नाव, राजाचा तो शाहीन. शास्त्रज्ञांना मात्र तो राजवाड्यात नाही तर जहाजावर भेटला. सुंदेवाल नावाच्या स्वीडिश माणसानं १८३७ मध्ये याचं वर्णन केलं, निकोबारजवळ भर समुद्रात जहाजावर येऊन बसलेल्या पक्ष्यावरून.

भाच्याला पडलेला प्रश्न चांगला होता. एवढ्या वेगात नाकात वारा घुसून श्वास कसा कोंडत नाही? बहिरीच्या नाकपुडीत मधोमध एक हाडाचा उंचवटा असतो, वारा त्यावर आपटून मंदावतो असं सांगतात. ते मी सांगितलं आणि ते दुर्बिणीत दिसतंय का म्हणून दोघंही पुन्हा पालथे. दिसलं नाही. पण त्या खटपटीत मादीचा डोळा दिसला. पिवळी कड असलेला, ओला, काळा डोळा, आणि खालच्या पापणीला पारव्याचं एक बारीक पांढरं पीस चिकटलेलं. तिनं मान झटकली तरी ते पडलं नाही. नंतर तिनं पायानं खाजवलं, कुत्र्यासारखं, आणि ते उडून गेलं.

खालच्या धाब्यावर जेवताना एका ट्रकवाल्यानं तिपाई बघून विचारलं, "सहापदरी होतोय का रस्ता?"

सोमवार

प्रजासत्ताक दिन. धुळ्यात शाळांची पोरं पांढऱ्या कपड्यांत रस्त्यावर होती. साक्रीच्या बाजूनं गेलो. ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांगच रांग फिरत होती, आणि त्यांच्या पात्यांमधून जाणारी एक घार बघून दोघांनीही श्वास धरला. ती गेली पार. ससाणा एकही नाही. त्या दिवसाबद्दल दुपारपर्यंत एवढंच.

दुपारी नंदुरबार. गावाबाहेरच्या पथारींवर लाल मिरची पसरली होती. एकरच्या एकर जमीन लाल. दोनशे मीटरवरूनच शिंका सुरू होतात. बाया तोंडाला फडकी बांधून मिरची वर-खाली करत होत्या. आणि त्या लाल जमिनीवर, वीसेक फुटांवर, हवेत टांगल्यासारखी खरुची.

खरुची हा ससाण्यांतला गरीब नातेवाईक असं काही लोक समजतात. मला ती सगळ्यांत जास्त आवडते. वाऱ्याकडे तोंड करून, शेपटी पंख्यासारखी पसरून ती एका जागी थांबते. पंख थरथरतात, अंग डावं-उजवं सरकतं, पण डोकं हलत नाही. दुर्बिणीत तिचं डोकं ठेवून मी दहापर्यंत आकडे मोजले. डोकं काचेच्या मधोमध, खिळा ठोकल्यासारखं. खाली मान, नजर मिरचीच्या कडेच्या गवतावर. हिवाळ्यात यातल्या पुष्कळ हिमालय आणि त्यापलीकडून आलेल्या असतात. लाल जमिनीचा उजेड तिच्या पोटावर पडला होता, त्यामुळे मुळातलं बदामी पोट गुलाबी दिसत होतं. मग ती पायरी उतरल्यासारखी दहा फूट खाली आली, पुन्हा थांबली, पुन्हा उतरली आणि पडली. उठली तेव्हा पायात नाकतोडा होता. हवेतच मान वाकवून खाल्ला. पाय पडले ते मिरचीवर.

पथारीवरच्या मावशी म्हणाल्या, ही दर थंडीत येते, मिरची खात नाही, म्हणून कुणी हाकलत नाही. त्यांची रोजंदारी त्या दिवशी सुट्टी असूनही चालू होती. बोटांना मिरची लागून आग होते, रात्री हात तेलात बुडवून झोपतो, हेही त्यांनी सांगितलं. त्यानंतर दुर्बीण लावून बसायला मला जरा संकोच वाटला.

भाच्यानं वहीतल्या तिसऱ्या चौकोनात खूण केली.

मंगळवार

प्रकाशाजवळ तापी ओलांडली, शहादा मागे टाकलं आणि सातपायरीचा घाट चढून तोरणमाळला पोचलो. शहाद्याजवळच्या जंगलात १९९७ मध्ये रानपिंगळा हे छोटं घुबड पुन्हा सापडलं. त्याआधी शंभराहून जास्त वर्षं तो कुणाला दिसल्याची खात्रीशीर नोंद नव्हती आणि जग त्याला संपलेला समजत होतं. पिंगळ्यासाठी इथे जगभरातून लोक येतात. ससाण्यासाठी आलोय म्हटल्यावर चहावाला जरा नाराज झाला.

सीताखाईच्या काठावर उभे राहिलो. धबधब्याची सुतासारखी धार, खाली दरी, समोर कडे आणि कड्यांवर ओघळही. दुपारपर्यंत शाहीन आला नाही. संध्याकाळी ढग आले. पाकोळ्या एकदा दचकून एकत्र गोळा झाल्या आणि आडोशाला गेल्या, त्यावरून कुणीतरी वरून गेलं असावं. कोण ते दिसलं नाही. एक पावरा मुलगा शेळ्या घेऊन आला, बराच वेळ आमच्या शेजारी बसला. त्याला विचारलं, इथे मोठा ससाणा असतो का? "असतो," तो म्हणाला. केव्हा येतो? "तुम्ही नसता तेव्हा."

तुरुमतीचा चौकोन रिकामाच राहिला. भाच्यानं तो खोडला नाही, फक्त वहीचं पान उलटलं.

बुधवार

रजा संपलेली, घरी जायला हवं होतं. शिरपूरहून अमळनेरकडे वळलो तेव्हा भाच्यानं न विचारताच गाडी बोरीच्या अंगाला घेतली.

टॉवर रिकामा. आडव्या हातावर नर नव्हता. कावळे शेजारच्या टॉवरवर काड्या नेत होते आणि कुणीच त्यांना हरकत घेत नव्हतं. माझ्या पोटात काहीतरी हललं. घरट्याच्या काठावर शेपटी दिसत नव्हती. आपण दोन दिवस इथे बसल्यामुळे तर नाही ना, हाच विचार आधी आला.

दुर्बीण भाच्याच्या खांद्यावर ठेवली, स्क्रू अजून नव्हताच. त्याला श्वास धरून उभं राहायला सांगितलं. घरट्याच्या डाव्या बाजूला ठिबकची नळी, मधे निळी चिंधी. चिंधी हलत होती. तिच्यामागे काहीतरी तपकिरी, न हलणारं. वारा आला, चिंधी बाजूला झाली आणि टोपी दिसली. ती उलट दिशेला तोंड करून, खोल, अगदी खोल बसली होती.

आबा मोटार सुरू करून गव्हाला पाणी लावत होते. लांबूनच हात वर करून ओरडले, "बठेल शे! सकाळपासून उठनी नई."

भाचा खांदा न हलवता म्हणाला, "मामा, अजून किती वेळ?"

"थांब जरा," मी म्हटलं.